संशयाचे तर्कशास्त्र

गोविंद बल्लाळ देवलांचे ‘संशयकल्लोळ’ एकेकाळी महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनांतून हटकून होत असे. आता ते फारसे दिसत नाही, तरी फाल्गुनराव हे नाव ठाऊक नसलेला मराठी वाचक विरळाच. देवल हे अण्णासाहेब किर्लोस्करांचे शिष्य, आणि अण्णासाहेब तर आपल्याच बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. तेव्हा या नाटकावर आपण थोडासा हक्क सांगायला हरकत नाही. गोष्ट मात्र मुळात आपल्याकडची नव्हे. १६६० साली मोलिएरने पॅरिसमध्ये एक छोटेसे प्रहसन लिहिले. त्यावरून १७६१ साली आर्थर मर्फीने इंग्रजीत ‘ऑल इन द राँग’ हे नाटक रचले, आणि त्यावरून १८९३ साली देवलांनी ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ हे मराठी नाटक सिद्ध केले. १९१६ साली त्याचेच संगीत रूप रंगभूमीवर आले. एवढ्या प्रवासात माणसांची नावे बदलली, पोशाख बदलले. नवरा-बायकोच्या मनातला किडा मात्र जसाच्या तसा उतरला.

काय घडते या नाटकात? रस्त्यात पडलेली एका परपुरुषाची तसबीर कृत्तिकेच्या हाती लागते आणि ती न्याहाळताना नेमका तिचा नवरा तिला पाहतो. तिकडे कृत्तिकेने आपल्या नवऱ्याला मूर्च्छा आलेल्या एका तरुणीला सावरताना पाहिलेले असते. दोघांनीही जे पाहिले ते खरेच पाहिले. घोटाळा झाला तो पाहण्यात नव्हे, पाहिल्यावरून जे अनुमान काढले त्यात. ऑथेल्लोच्या कानात विष ओतायला इयागो लागतो. फाल्गुनराव हा स्वतःच स्वतःचा इयागो आहे.

आज ती तसबीर रस्त्यात पडत नाही, ती मोबाइलच्या पडद्यावर उमटते. लग्न ठरलेल्या मुलीला किंवा संसारात रमलेल्या गृहस्थाला एके दिवशी अचानक एक निरोप येतो, आणि पाठवणारी व्यक्ती असते पूर्वी कधीतरी जिच्यावर जीव जडला होता ती. विद्यार्थी तिला ‘एक्स’ म्हणतात. बीजगणितात अज्ञात राशीला जे नाव देतात तेच या व्यक्तीला मिळावे, हा योगायोग मला मोठा अर्थपूर्ण वाटतो. निरोपात बहुधा विशेष काही नसते. वाढदिवसाच्या शुभेच्छा, नोकरी लागल्याचे अभिनंदन, कोणी गेल्याचे दोन शब्द. पण तेवढ्याने एखाद्या घरातली झोप उडू शकते. ती का उडते, कधी उडणे रास्त आहे आणि कधी नाही, याचा थोडा विचार प्रस्तुत लेखात करायचा आहे. मी तर्कशास्त्र शिकवतो, मानसशास्त्र नव्हे. तथापि वर्गात अनुमानाचे प्रकरण सुरू झाले की तास संपल्यावर जे प्रश्न माझ्यापाशी येतात, ते पर्वतावरच्या धुराविषयी क्वचितच असतात.

अनुमान या शब्दापासूनच आरंभ करतो. आपल्या या अंकाचा कन्नड विभाग वाचणाऱ्यांना हे सांगायला नको की कन्नडमध्ये रोजच्या बोलण्यात ‘अनुमान’ म्हणजे संशय. मराठीत आणि संस्कृतात तो ज्ञानाचा एक प्रमाणभूत मार्ग, आणि सीमेपलीकडे म्हणावे तर सीमाही नाही, शेजारच्या बाकावर तोच शब्द शंकेखोरपणासाठी वापरला जातो. उलट मराठीतला ‘विश्वास’ कन्नडमध्ये गेला की त्याला स्नेहाचा ओलावा चढतो. पत्राच्या शेवटी सही करताना माणूस ‘निम्म विश्वासी’ असे लिहितो. दोन भाषांनी मिळून केवढे मानसशास्त्र सांगितले आहे पाहा! संशय म्हणजे तुटपुंज्या पुराव्यावर काढलेले अनुमान, आणि विश्वास म्हणजे पुरावा मागण्याच्याही आधी असलेला जिव्हाळा.

आता अन्नंभट्टाचा ‘तर्कसंग्रह’ ज्यांनी अभ्यासाला घेतला आहे त्यांना आठवेल की अनुमान खरे ठरायला हेतू आणि साध्य यांची अव्यभिचारी संगत लागते. धूर दिसला तर अग्नी आहे असे म्हणता येते, कारण अग्नीवाचून धूर कुठेच आढळत नाही. पण ‘पर्वतावर अग्नी आहे, कारण पर्वत ज्ञानाचा विषय होतो’ असे कोणी म्हटले तर? ज्ञानाचा विषय तर तळेही होते, आणि तळ्यात अग्नी नसतो. जो हेतू साध्य असलेल्या जागीही सापडतो आणि नसलेल्या जागीही सापडतो, त्या सदोष हेतूला नैयायिकांनी नाव दिले ‘सव्यभिचार’. जोडीदाराच्या व्यभिचाराचा शोध घ्यायला निघालेला माणूस बहुतेक वेळा स्वतःच्या हेतूतला व्यभिचार पाहायला विसरतो, हे या परिभाषेने आपसूकच सांगून ठेवले आहे.

एक प्रसंग सांगतो. माझा एक जुना विद्यार्थी, आता चांगल्या नोकरीत आहे, गेल्या वर्षी मला भेटायला आला. त्याचे लग्न ठरले होते. मुलीने बैठकीच्या आधीच त्याला सांगितले होते की महाविद्यालयात असताना तिचे एका मुलाशी जुळले होते आणि ते पुढे मोडले. याने ते मोठ्या मनाने ऐकून घेतले होते. साखरपुडा झाल्यावर त्या मुलाने तिला अभिनंदनाचा निरोप पाठवला. तिने ‘धन्यवाद’ लिहिले, चार वाक्ये इकडची तिकडची झाली, आणि तिने तो सगळा संवाद पुसून टाकला. याला ते कळले तिच्या मैत्रिणीच्या बोलण्यातून, सहजगत्या. तो माझ्यासमोर बसून एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत होता, ‘‘सर, लपवण्यासारखं काय नव्हतं तर पुसलं कशाला? तुम्हीच सांगा की. तर्कशास्त्र शिकवता नव्हं?’’

शिकवतो म्हणूनच सांगितले, की पुसणे हा हेतू सव्यभिचार आहे. माणूस अपराध लपवायला पुसतो, तसाच भीतीनेही पुसतो. मी त्याला विचारले, ‘‘या आधी तू तिचा फोन कधी पाहिला होतास?’’ तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, ‘‘दोनदा. पण तिच्यासमोरच की सर.’’ म्हणजे ज्या भीतीने तिने पुसले, त्या भीतीला याचाही हातभार होता. एवढ्याने ती निर्दोष ठरते असे मी म्हटले नाही, म्हणणारही नाही. तिचे न सांगणे हे न सांगणेच होते. पण ‘पुसले, म्हणजे मनात काहीतरी आहे’ हे अनुमान टिकत नाही, इतकेच.

इथे संशयी माणसाला गप्प करून लेख संपवता आला असता. परंतु तसे करणे अप्रामाणिकपणाचे होईल, कारण जुन्या ओळखीतून नवे प्रकरण उभे राहते अशीही उदाहरणे आहेतच, आणि ती आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. मग फरक कशात असतो? त्यासाठी पुन्हा त्याच धुराकडे वळतो. नैयायिक म्हणतात, ‘जिथे धूर तिथे अग्नी’ हे खरे. पण उलटे, ‘जिथे अग्नी तिथे धूर’, हे खरे नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो आणि धूर मुळीच नसतो. अग्नीतून धूर निघायला आणखी एक गोष्ट लागते, ती म्हणजे ओले सरपण. या मधल्या, न सांगितलेल्या अटीला ‘उपाधी’ म्हणतात. ‘जुन्या प्रेमाशी संपर्क आला, म्हणजे संसाराला धोका’ हे विधान मला अगदी याच जातीचे वाटते. ते सरसकट खरे नाही, पण एका उपाधीसह खरे आहे. आणि ती उपाधी, माझ्या समजुतीप्रमाणे, गुप्तता ही आहे.

हे केवळ माझे मत नव्हे. डॅनिएल वेग्नर हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ. मनातून एखादा विचार काढून टाकायचा म्हटले की तोच कसा परतपरत येतो, यावरच्या त्यांच्या प्रयोगांसाठी ते प्रसिद्ध झाले. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली एक मजेदार प्रयोग प्रसिद्ध केला. एकमेकांना अनोळखी असलेल्या दोन तरुण आणि दोन तरुणींना पत्ते खेळायला बसवले. त्यातल्या एका जोडीला सांगितले की टेबलाखालून एकमेकांच्या पायाला पाय लावून ठेवायचा. काही डावांत समोरच्या जोडीला ही गोष्ट ठाऊक होती, काही डावांत नव्हती. खेळ संपल्यावर विचारले तेव्हा, ज्यांनी चोरून पाय लावले होते त्यांना आपला जोडीदार अधिक आकर्षक वाटत होता. पाय तेच, खेळ तोच, वेळही तितकाच. अधिक काय होते तर चोरी. त्याच अभ्यासमालेत असेही दिसले की जुन्या संबंधांपैकी जे गुप्त ठेवावे लागले होते त्यांचीच आठवण माणसांना अधिक येत राहते.

याचा अर्थ नीट ध्यानात घ्यायला हवा. आपली कल्पना अशी असते की आधी आकर्षण असते आणि म्हणून माणूस लपवतो. पुष्कळदा ते तसे असतेही. पण उलटेही घडते: आधी काहीच नसते, घरात उगाच वाद नको म्हणून माणूस लपवतो, आणि लपवल्यामुळे त्या साध्या गोष्टीला वजन येते. रात्री अकरा वाजता स्वयंपाकघरात उभे राहून वाचलेला ‘कशी आहेस?’ हा निरोप, दुपारी सगळ्यांसमोर वाचलेल्या त्याच निरोपापेक्षा वेगळा होतो. मायकेल स्लेपियन यांनी २०१७ साली गुपितांविषयीचा आपला अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात त्यांना आढळले की गुपित माणसाला पोखरते ते दुसऱ्यासमोर ते दडवताना नव्हे, तर एकटा असताना मन पुनःपुन्हा त्याच्याकडे जाते तेव्हा. सरपण ओले का होते, त्याचे हे उत्तर.

मग काय सगळेच सांगायचे? इथे गुप्तता आणि खाजगीपणा यांत गल्लत होते. बायकोच्या ट्रंकेत तिच्या माहेरची जुनी पत्रे असतात. ती तिची आहेत, नवऱ्याने ती उघडू नयेत, आणि ती ट्रंकेत आहेत हे घरात सगळ्यांना ठाऊक असते. हा खाजगीपणा. ट्रंकच नाही असे भासवणे ही गुप्तता. शर्ली ग्लास या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी २००३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात खिडक्या आणि भिंती अशी उपमा वापरली आहे: नवरा-बायकोमध्ये खिडकी असावी आणि बाहेरच्यांच्या बाजूला भिंत. जेव्हा बाहेरच्या व्यक्तीसाठी खिडकी उघडते आणि जोडीदाराच्या वाटेवर भिंत उभी राहते, तेव्हा घराची रचनाच उलटी होते. आपल्याकडच्या जुन्या घरांत राहिलेल्यांना हे सोपा आणि परसदार या शब्दांत लवकर समजेल. जुना ओळखीचा माणूस समोरच्या दाराने सोप्यात येऊन बसला, पाणी प्यायला, चार शब्द बोलून गेला, तर तो पाहुणा. तोच माणूस परसदाराने आला तर त्याने काही केले नाही तरी घरातली बाई गोंधळते आणि नवरा काठी शोधतो. माणूस तोच असतो, दारामुळे त्याचा अर्थ बदलतो.

आता माझ्या घरातले. माझ्या पत्नीचे माझ्या आधी एका ठिकाणी लग्न ठरले होते. साखरपुडाही झाला होता. देण्याघेण्यावरून वडीलधाऱ्यांचे बिनसले आणि ते मोडले. त्या दोघांना कोणी काही विचारले नाही. हे मला मुलगी पाहायला गेलो तेव्हाच ठाऊक होते. तीन वर्षांपूर्वी माझे सासरे वारले आणि चौथ्या दिवशी त्या गृहस्थांचा निरोप आला. कुठून तरी क्रमांक मिळवला असावा. संध्याकाळी चहा घेताना तिने मला सांगितले, ‘‘अहो, त्यांचा निरोप आला होता. बाबांनी त्यांना एकदा हात धरून गणित शिकवलं होतं, त्याची आठवण लिहिली आहे. मी आभार मानले.’’ मी म्हटले, ‘‘बरं केलंस.’’ मग थोडे थांबून ती म्हणाली, ‘‘तुम्हाला सांगितलं ते परवानगीसाठी नव्हे हं.’’

या शेवटच्या वाक्यावर मी पुष्कळ दिवस विचार केला आहे. परवानगीसाठी नव्हे, मग कशासाठी? मला असे वाटते की सांगणे आणि हिशेब देणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. हिशेब वरिष्ठाला देतात. सांगतात ते सोबत असलेल्याला. तिने मला निरोप वाचायला दिला नाही आणि मीही मागितला नाही. मला त्या पंधरवड्यात काहीच वाटले नाही असे मात्र नाही. तिचा फोन वाजला की माझे लक्ष जाई. पण ते लक्ष जाणे माझ्यापुरते होते. त्याला धरून अनुमानाची माळ ओवायला लागणारा धागाच मला मिळाला नाही, कारण जे होते ते चहाच्या कपाबरोबर समोर ठेवलेले होते.

१९८५ साली रेम्पेल, होम्स आणि झॅना या तीन संशोधकांनी जवळच्या नात्यांतल्या विश्वासाचे तीन थर सांगितले. पहिला थर अंदाजाचा: हा माणूस अमुक प्रसंगी कसा वागेल हे अनुभवाने कळते. दुसरा भरवशाचा: केवळ वागणे नव्हे, तर हा माणूसच भरवशाचा आहे असे वाटू लागते. आणि तिसरा श्रद्धेचा: जे अजून घडलेले नाही, ज्याचा कोणताही दाखला हाताशी नाही, त्या प्रसंगीही हा मला जपेल असे मन धरून चालते. पहिले दोन थर पुराव्यावर उभे असतात. तिसऱ्याला पुरावा नसतो, असूही शकत नाही. ज्यांना फोन तपासून विश्वास मिळवायचा असतो त्यांची अडचण इथेच होते. तपासून मिळते ती माहिती. आज फोनमध्ये काही सापडले नाही, याने आजचा दिवस सुटतो, उद्याचा नाही. उलट तपासणाऱ्याच्या मनात पुसलेल्या निरोपांचा नवा प्रांत उघडतो. आपोआप नाहीसे होणारे निरोप आल्यापासून तर ‘काही सापडले नाही’ हाच अनेकांना पुरावा वाटू लागला आहे. फाल्गुनरावाला निदान तसबीर तरी सापडली होती!

कायद्याचेही विद्यार्थी हा अंक वाचतात, म्हणून थोडे त्याविषयी. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खाजगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे एकमताने सांगितले. २७ सप्टेंबर २०१८ रोजी जोसेफ शाइन खटल्यात भारतीय दंडसंहितेचे कलम ४९७ रद्द झाले आणि व्यभिचार हा गुन्हा राहिला नाही; हिंदू विवाह कायद्याखाली घटस्फोटाचे कारण मात्र तो आजही आहे. जुन्या प्रियकराला निरोप पाठवणे म्हणजे अर्थातच व्यभिचार नव्हे. या विषयाला अधिक जवळचा निकाल १४ जुलै २०२५ चा. भटिंड्याच्या एका घटस्फोटाच्या दाव्यात नवऱ्याने बायकोचे बोलणे तिच्या नकळत ध्वनिमुद्रित केले होते. पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने २०२१ साली ते पुराव्यात घ्यायला नकार दिला. सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला आणि असे ध्वनिमुद्रण पुरावा म्हणून चालेल असे ठरवले. अशाने घरोघरी पाळत सुरू होईल, या आक्षेपाला न्यायालयाने जे उत्तर दिले त्याचा आशय असा, की नवरा-बायको एकमेकांवर पाळत ठेवू लागले असतील तर ते नाते मोडल्याचेच लक्षण आहे. पुराव्याच्या कायद्याला एवढे पुरते. पण ज्याला नाते टिकवायचे आहे त्याने यातून बोध घेताना जपून घ्यावा: न्यायालयात चालणारा पुरावा स्वयंपाकघरात चालतोच असे नाही.

आणखी एक बाजू आहे, आणि ती बोलायला अवघड असली तरी टाळता येत नाही. ‘प्रामाणिकपणे सगळे सांगावे’ हा उपदेश पुरुषाला जितका स्वस्त पडतो तितका स्त्रीला पडत नाही. नवऱ्याने आपली जुनी गोष्ट सांगितली तर ती त्याची गंमत ठरते. बायकोने सांगितली तर ती पुढे वीस वर्षे प्रत्येक भांडणात वर निघते, आणि काही घरांत हातही उगारला जातो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत विवाहित स्त्रियांना जे प्रश्न विचारतात, त्यांत ‘परपुरुषाशी बोललात तर नवरा रागावतो का’, ‘तुम्ही कुठे आहात हे सतत कळावे असा त्याचा हट्ट असतो का’ अशा अर्थाचे प्रश्न असतात, आणि ते हिंसेविषयीच्या प्रकरणात असतात. हे प्रश्न तिथे कोणी उगाच घातलेले नाहीत. लग्नाआधीच परवलीचा शब्द मागणारा मुलगा ‘माझा तिच्यावर विश्वास आहे म्हणून मागतो’ असे म्हणतो तेव्हा तो दोन विरुद्ध गोष्टी एका वाक्यात बोलतो. अशा ठिकाणी मुलीने काही न सांगण्यात मला अप्रामाणिकपणा दिसत नाही, आत्मरक्षण दिसते. जिथे खरे बोलण्याची शिक्षा होते तिथे खोट्याचा दोष एकट्या बोलणाऱ्यावर टाकणे हे न्यायाचे नाही.

पण जिथे अशी भीती नाही तिथे सांगावे, आणि वेळेत सांगावे. या दृष्टीने गुलजारांचा ‘इजाजत’ हा १९८७ चा चित्रपट पाहण्यासारखा आहे. तो सुबोध घोष यांच्या ‘जतुगृह’ या बंगाली कथेवर आधारलेला आहे. त्यातला नायक आपल्या पूर्वीच्या प्रेमाविषयी बायकोला आधीच सांगून मोकळा होतो. वरवर पाहता यापेक्षा अधिक प्रामाणिक नवरा सापडायचा नाही. परंतु पुढे ती पूर्वीची प्रेयसी आत्महत्येचा प्रयत्न करते, तो तिला सांभाळायला जाऊ लागतो आणि नेमके हेच बायकोला ठाऊक नसते. तिला दिसते ते एवढेच की नवरा तिकडे जातो. तिचे अनुमान चुकते आणि संसार मोडतो. अनेकांची अशी समजूत असते की लग्नाआधी एकदा सांगितले की पुढची मोकळीक मिळाली. सांगणे हे लसीसारखे नसते, की एकदा टोचून घेतली आणि झाले.

वेळेत म्हणजे कधी? माझे उत्तर साधे आहे: दुसऱ्याने शोधून काढण्याच्या आधी. एकच गोष्ट सोमवारी आपण होऊन सांगितली तर ती बातमी असते आणि गुरुवारी विचारल्यावर सांगितली तर ती कबुली होते. शब्द तेच असले तरी ऐकणाऱ्याला ती दोन वेगळी वाक्ये ऐकू येतात, कारण मधल्या तीन दिवसांतले आपले हसणे, जेवणे, गप्पा मारणे हे सारे तो आता नव्याने तपासू लागतो. अर्धे सांगण्याचाही मोह होतो. ‘दोनच निरोप आले’ म्हणायचे आणि सात आलेले असायचे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे आढळले की अपराधाची अर्धी कबुली देणाऱ्यांना, पूर्ण कबुली देणाऱ्यांपेक्षाच नव्हे तर मुळीच न देणाऱ्यांपेक्षाही अधिक वाईट वाटत राहते. म्हणजे हा सौदा सांगणाऱ्यालाही परवडत नाही.

ऐकणाऱ्याचेही काम असतेच, आणि ते कमी बोलले जाते. जोडीदाराने आपण होऊन सांगितले की त्याला थोडे विचारण्याचा हक्क आहे: निरोप कधी आला, उत्तर काय दिलेस, पुढे बोलायचा विचार आहे का, मला त्यात काही अवघड वाटले तर तू ऐकशील का. यापलीकडचे प्रश्न, म्हणजे तो माझ्यापेक्षा देखणा होता का, तुमचे तेव्हा काय काय झाले होते, हे निरोपाविषयीचे नसतात. ते भूतकाळाची उलटतपासणी असतात आणि त्यांना कोणतेच उत्तर पुरत नाही. ‘मला हे आवडत नाही’ असे म्हणण्याची मोकळीक ऐकणाऱ्याला असावी. हेवा वाटणे हा काही गुन्हा नव्हे. तो सरळ शब्दांत बोलून दाखवता आला तर त्याला फोन धुंडाळावा लागत नाही.

त्या माझ्या विद्यार्थ्याने तिच्याशी पुन्हा बोलायचे ठरवले. दोघे किल्ल्याच्या तलावाकाठी दोन तास बसली होती म्हणे. तिने पुसलेले सगळे, आठवले तसे, वाक्यावाक्याने सांगितले, आणि मग आपली बाजू मांडली: फोन दाखवणार नाही, परवलीचा शब्द देणार नाही, पण असा निरोप पुन्हा आला तर त्याच दिवशी सांगेन, मात्र सांगितल्यावर तू आवाज चढवलास तर ते शेवटचे सांगणे असेल. त्याला पहिल्या दोन अटी जड वाटतात. मला विचाराल तर जड तिसरी आहे, पण त्याने मला विचारलेले नाही. लग्न वैशाखात धरले आहे. पत्रिका अजून छापायला दिलेल्या नाहीत.